पायथॉनमध्ये संमिश्र संख्या कशी तयार करायची? आधी हे बघा: "३+४जे" ही बेरीज आहे

प्रश्न थोडक्यात असा. इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षातल्या एकाला सर्किटची गणितं पायथॉनवर करायची आहेत. "३+४आय" लिहिलं तर सिंटॅक्स एरर आली, आयच्या जागी जे घातल्यावर चाललं. पण आर आणि एक्स ही व्हेरिएबल असताना "आर+एक्सजे" चालत नाही. "कॉम्प्लेक्स(३, ४जे)" चं उत्तर उणे एक येतं. आणि एक्सेलमधून आलेल्या इंपीडन्सच्या (एसी सर्किटमधल्या एकूण अडथळ्याच्या) आकड्यांवर व्हॅल्यू एरर येते. मग खरी पद्धत कोणती?

(कोडमधले शब्द मी इथे देवनागरीत लिहितोय. मशीनवर टाइप करताना नेहमीची रोमन अक्षरं आणि रोमन आकडे घ्या.)

तुमच्या सगळ्या अडचणींचं मूळ एकच आहे. पायथॉनमध्ये अख्खी संमिश्र संख्या एका दमात लिहायची सोयच नाही. सोय आहे ती फक्त शुद्ध कल्पित संख्येची: ४जे, २.५जे, ०जे. आपण "३+४जे" लिहितो तेव्हा पायथॉनला तिथे पूर्णांक ३, अधिकचं चिन्ह आणि कल्पित ४जे अशा तीन सुट्या गोष्टी दिसतात. तो त्यांची बेरीज करतो आणि उत्तर संमिश्र येतं. कागदावर आपण "३+४आय" ला एक संख्या म्हणून वाचतो, पायथॉन तिला हिशेब म्हणून वाचतो. पुढचे सगळे घोळ या फरकातून निघतात.

आधी जे चं. गणितवाले ऑयलरपासून आय लिहीत आले, पण विजेच्या लोकांनी आय हे अक्षर प्रवाहासाठी आधीच घेऊन ठेवलं होतं. १८९३ मध्ये स्टाइनमेट्झ या विद्युत अभियंत्यानं एसी सर्किटची गणितं संमिश्र संख्यांनी सोडवून दाखवली, आणि तेव्हापासून आपल्याकडे जे रुळलं. तुम्ही इलेक्ट्रिकलचे, म्हणजे तुम्हाला खरं तर ते घरचंच वाटायला हवं. पायथॉनमध्ये संमिश्र संख्या १९९६ सालच्या १.४ आवृत्तीपासून आहेत आणि तेव्हापासून अक्षर जे हेच आहे. आय चालू द्या अशी मागणी झाली होती, ती फेटाळली गेली. आय आणि एक हा आकडा दिसायला सारखे, हे त्यामागचं एक कारण, आणि मला तरी ते पटतं.

या जे ची एक अट आहे: त्याच्या लगेच मागे आकडा हवा. एकटं जे लिहिलंत तर पायथॉन ते व्हेरिएबलचं नाव समजतो. कल्पित एकक हवं असेल तर "१जे" लिहायचं. "एक्सजे" चं तेच होतं: पायथॉन एक्सजे नावाचं व्हेरिएबल शोधतो, ते सापडत नाही, आणि नेम एरर देतो. "आर + एक्स*१जे" लिहिलं तर चालेल, पण ते तरी का लिहायचं? दोन भाग हातात असतील तर सरळ

झेड = कॉम्प्लेक्स(आर, एक्स)

लिहा. इथे बेरीज नाही की गुणाकार नाही. दोन भाग दिले, पायथॉननं जसेच्या तसे दोन खणांत ठेवले. "एक्स*१जे" मध्ये आडमार्गानं गुणाकार होतो आणि एखाद्या वेळी तो अंगाशी येतो. एक्स अनंत असेल, म्हणजे सर्किट उघडं आहे असं दाखवायला तुम्ही फ्लोट("इन्फ") घेतला असेल, तर त्या गुणाकारात अनंत गुणिले शून्य होतं आणि वास्तव भागात नॅन ("ही संख्याच नाही" अशी खूण) येऊन बसतो. कॉम्प्लेक्स(०, अनंत) मध्ये असं काही होत नाही.

आता कॉम्प्लेक्स(३, ४जे) चं उणे एक. दुसऱ्या जागी पायथॉनला कल्पित भागाचा नुसता आकडा हवा असतो, त्याला जे लावायचं काम तो स्वतः करतो. तुम्ही आधीच जे लावून दिलंत. त्यानं शिरस्त्याप्रमाणे आणखी एक जे लावला: ४जे गुणिले जे म्हणजे उणे चार, तीनमधून चार गेले, उरले उणे एक. गणित बिनचूक आहे, आणि त्रास तोच, कारण एरर येत नाही. ३.१४ आवृत्तीपासून या वापरावर पायथॉननं नापसंतीचा शिक्का मारला आहे. जुन्या आवृत्तीवर असाल तर स्वतःच जपा.

"बेरीज आहे" हे पटलं नसेल तर या ओळी एकेक करून चालवून बघा:

३+४जे.रिअल → ३.०
३+४जे.इमॅग → ७.०
३+४जे**२ → (-१३+०जे)

पहिलं उत्तर योगायोगानं बरोबर दिसतं आणि म्हणून जास्त घातक आहे. टिंब फक्त ४जे ला चिकटतं. ४जे चा वास्तव भाग शून्य, त्यात ३ मिळवले, आले ३. दुसऱ्या ओळीत ४जे चा कल्पित भाग ४.०, त्यात ३, झाले ७. तिसऱ्या ओळीत (** हे घाताचं चिन्ह) वर्ग फक्त ४जे चा झाला, उणे सोळा, त्यात तीन. तुम्हाला हवं होतं ते उत्तर (-७+२४जे). कंस घाला, (३+४जे)**२, किंवा आधी झेड मध्ये ठेवा आणि मग पुढचं करा. मी दुसरं करतो. "-२जे" लिहून एंटर दाबलंत तर पडद्यावर (-०-२जे) उमटतं, तेही याच कुळातलं. उणे हे संख्येचा भाग नाही, ती २जे वर केलेली क्रिया आहे. ती दोन्ही भागांवर होते आणि शून्याचंही उणे शून्य होतं.

उणे शून्याला हसू नका, त्यानं मला एकदा चांगलं रडवलं आहे. ही दोन वाक्यं बघा (सीमॅथ हे संमिश्र संख्यांच्या गणिताचं मॉड्यूल, एसक्यूआरटी म्हणजे वर्गमूळ, कॉन्ज्युगेट म्हणजे कल्पित भागाचं चिन्ह उलटं करणं):

सीमॅथ.एसक्यूआरटी(-४+०जे) → २जे
सीमॅथ.एसक्यूआरटी((-४+०जे).कॉन्ज्युगेट()) → -२जे

कॉन्ज्युगेट घेतल्यावर कल्पित भागाचं शून्य उणे शून्य झालं. दोन्ही संख्या समान आहेत का असं विचारलंत तर पायथॉन ट्रू म्हणेल. पण ऋण वास्तव अक्षावर वर्गमूळ आणि कोन यांना कडा असते. कडेला वरून आलात तर कोन अधिक पाय (π, म्हणजे १८० अंश), खालून आलात तर उणे पाय. तुम्ही कुठल्या बाजूनं आलात हे त्या शून्याच्या चिन्हावरून ठरतं. त्यामुळे अशा हिशेबांत संख्या बेरजेनं न बनवता कॉम्प्लेक्स() नंच बनवायची, म्हणजे शून्याचं चिन्ह तुम्ही दिलं तसंच राहतं. सी भाषेतही हेच दुखणं होतं. १९९९ च्या मानकात "३.०+४.०*आय" एवढीच वाट होती. २०११ च्या मानकात सीएमपीएलएक्स नावाचा खास मॅक्रो आला, तो नेमका अनंत आणि उणे शून्य नीट ठेवता यावेत म्हणून.

आता एक्सेलची फाइल. एक्सेलमध्ये संमिश्र संख्या हा वेगळा प्रकार नाही. तिथलं कॉम्प्लेक्स फंक्शन "३+४आय" असा मजकूर परत देतं, आणि तिसरा घटक म्हणून जे दिला नाही तर अक्षर आय असतं. पायथॉनचं कॉम्प्लेक्स() मजकूरही स्वीकारतं, पण त्याच्या अटींवर. अक्षर जे हवं. मधल्या अधिक-उण्याच्या आजूबाजूला मोकळी जागा नको: "३+४जे" चालतं, "३ + ४जे" वर व्हॅल्यू एरर. दोन्ही टोकांना मोकळी जागा असली तर चालते, बाहेरून कंस असला तरी चालतो. म्हणजे तुमच्या कामासाठी ओळ अशी:

झेड = कॉम्प्लेक्स(मजकूर.रिप्लेस(" ", "").रिप्लेस("आय", "जे"))

दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. फाइलीत कुठे "इन्फ" असेल तर त्यातला आयही जे होईल आणि पायथॉन पुन्हा रुसेल. आणि आकडे पीडीएफमधून चिकटवले असतील तर उण्याच्या चिन्हाच्या जागी बऱ्याचदा छपाईतलं लांब उणं असतं. दिसायला तेच, पण पायथॉनच्या लेखी वेगळं अक्षर. "दिसायला सगळं ठीक आहे तरी एरर येते" अशी तक्रार माझ्याकडे आली की मी आधी ते चिन्ह तपासतो.

गंमत म्हणजे हेच कॉम्प्लेक्स() देवनागरी आकडे मात्र निमूट वाचतं. अवतरणात ३ आणि ४ आपल्या लिपीत आणि शेवटचं अक्षर तेवढं रोमन जे, असं देऊन बघा, (३+४जे) मिळेल. इंट() आणि फ्लोट() चंही तसंच. कोडमध्ये अवतरणाबाहेर देवनागरी आकडा लिहिलात तर मात्र सिंटॅक्स एरर. एखाद्या मराठी फॉर्ममधून आकडे गोळा करत असाल तर हे कामी येईल.

आतापर्यंत झालं ते वास्तव आणि कल्पित भाग माहीत असतील तेव्हाचं. आपल्या धंद्यात निम्म्या वेळा हातात असतं ते परिमाण आणि कोन: २३० व्होल्ट, उणे १२० अंश. त्यासाठी सीमॅथ मॉड्यूलमध्ये रेक्ट आहे:

व्हीबी = सीमॅथ.रेक्ट(२३०, मॅथ.रेडियन्स(-१२०))

उत्तर जवळपास -११५-१९९.१९जे. कोन रेडियनमध्ये द्यायचा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे एकदा चुकतातच. मी नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत एका कारखान्याच्या पॉवर फॅक्टरचा अभ्यास करत होतो आणि रेक्ट(२३०, -१२०) असं लिहून मोकळा झालो. पायथॉननं ते १२० रेडियन धरले, म्हणजे एकोणीस फेऱ्या पुऱ्या करून वर सुमारे ३५.५ अंश. आणि पकडायला अवघड का, तर परिमाण २३० च राहतं. एबीएस() घेऊन तपासलं, २३० आलं, मी निर्धास्त. दोन दिवस चुकीच्या कोनावर हिशेब चालला. शेवटी सहज तिन्ही फेजची बेरीज काढली. ती शून्य यायला हवी, आली ६०४ च्या वर. तेव्हापासून तीन फेजची संख्या बनवली की मी पहिली ती बेरीज काढतो.

बेरीज बरोबर असतानाही नेमकं शून्य येत नाही हेही सांगून ठेवतो. फ्लोटचा कचरा उरतो, दहाचा उणे तेरावा-चौदावा घात असा काहीतरी. त्यामुळे "बेरीज == ०" असं विचारू नका. सीमॅथ.इझक्लोझ वापरा आणि त्याला एबीएस_टॉल हा घटक नक्की द्या. तो दिला नाही तर उरलेल्या कचऱ्याची शून्याशी तुलना करताना इझक्लोझ कायम फॉल्स म्हणतं, कारण त्याची मूळची सूट दोघांतल्या मोठ्या संख्येच्या टक्केवारीत असते, आणि कचऱ्याची छोटीशी टक्केवारी त्या अख्ख्या कचऱ्याला पुरत नाही.

तुमच्यासाठी एक पूर्ण उदाहरण करतो. कॉइलचा रोध ३ ओहम, रिअ‍ॅक्टन्स ४ ओहम, पुरवठा २३० व्होल्ट.

झेड = कॉम्प्लेक्स(३, ४)
करंट = २३० / झेड → साधारण २७.६-३६.८जे
एबीएस(करंट) → ४६ अँपिअर
पॉवर = २३० * करंट.कॉन्ज्युगेट() → साधारण ६३४८+८४६४जे

म्हणजे ६३४८ वॅट आणि ८४६४ व्हीएआर (रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचं एकक), पॉवर फॅक्टर ०.६ लॅगिंग (करंट व्होल्टेजच्या मागे). शेवटच्या ओळीत कॉन्ज्युगेट विसरलात तर वॅट तेच राहतात, पण व्हीएआरचं चिन्ह उलटं होतं आणि कॉइल कपॅसिटर असल्यासारखी दिसते. कॉन्ज्युगेट ही मेथड आहे, तिला कंस लागतात. रिअल आणि इमॅग यांना लागत नाहीत. आणि ते फक्त वाचायचे, "झेड.रिअल = ५" चालत नाही. संख्या बदलायची तर नवी बनवायची.

आता न मागता तयार होणाऱ्या संमिश्र संख्या. पायथॉन ३ मध्ये (-१)**०.५ लिहिलंत तर एरर येत नाही, जवळजवळ १जे येतं, वास्तव भागात दहाच्या उणे सतराव्या घाताइतका कचरा घेऊन. पायथॉन २ इथे सरळ नकार द्यायचा. कंस न घालता -१**०.५ लिहिलंत तर -१.०, कारण घात आधी, उणे नंतर. आणि (-८)**(१/३) म्हणजे उणे दोन येईल असं वाटतं, येतं ते साधारण १+१.७३२जे. तेही आठाचं, म्हणजे उणे आठाचं, घनमूळच आहे, फक्त आपल्याला हवं होतं ते नाही. वास्तव घनमूळ हवं तर ३.११ पासून मॅथ.सीबीआरटी आहे.

मॅथ.एसक्यूआरटी(-१) मात्र व्हॅल्यू एरर देतं. बाराव्या शतकात आपल्या भास्कराचार्यांनी सांगून ठेवलं होतं की ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ऋण संख्या कुणाचा वर्गच नसते. मॅथ मॉड्यूल त्यांच्या बाजूचं आणि सीमॅथ युरोपातल्या नंतरच्या लोकांच्या. इम्पोर्ट करताना तुम्ही कुठल्या पक्षात आहात ते ठरवा. नमपाय (अ‍ॅरेंवर गणितं करायची लायब्ररी) हिचं एसक्यूआरटी तिसरंच करतं: उणे एक दिलंत तर नॅन आणि एक वॉर्निंग. तिथे संमिश्र उत्तर हवं असेल तर दिलेली संख्याच संमिश्र हवी, किंवा एनपी.ईमॅथ मधलं एसक्यूआरटी वापरा.

नमपायचा विषय निघालाच आहे तर एवढं पुरे: अ‍ॅरेवर कॉम्प्लेक्स(आर, एक्स) चालत नाही, ते एकेकट्या संख्येसाठी आहे. तिथे "आर + १जे*एक्स" हीच रीत, वर मी नावं ठेवलेली. अनंत किंवा उणे शून्याची भीती असेल तर आधी रिकामा अ‍ॅरे घ्या, एनपी.झीरोज(एन, डीटाइप=कॉम्प्लेक्स), आणि त्याचे रिअल आणि इमॅग वेगवेगळे भरा. नमपायमध्ये ते भरता येतात. डीटाइप द्यायला विसरलात तर अ‍ॅरे फ्लोटचा होतो. त्यात संमिश्र अ‍ॅरे ओतलात तर कल्पित भाग गळून जातो आणि वर फक्त एक वॉर्निंग येते. वॉर्निंग बंद करून ठेवायची सवय असलेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

इतर भाषांत काय, असंही तुम्ही विचाराल. फोरट्रानमध्ये कंसात स्वल्पविरामानं, (३.०, ४.०), आणि ती खरंच एक संख्या असते. हीच सवय घेऊन सी प्लस प्लस मध्ये आलेला माणूस "झेड = (३, ४)" लिहितो आणि त्याला ४+०आय मिळतं, कारण तिथला स्वल्पविराम डावीकडचं टाकून देतो. पायथॉनमध्ये तेच लिहिलं तर नुसता टपल, म्हणजे दोन आकड्यांची जोडी. मॅटलॅबमध्ये आय आणि जे दोन्ही चालतात, पण लूपचा काउंटर आय ठेवलात की तो आय गेला, म्हणून तिथेही "१आय" लिहायची सवय लावा. गो मध्ये कॉम्प्लेक्स(३, ४) आहे, पायथॉनसारखंच. जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये मुळात हा प्रकारच नाही, क्लास लिहा किंवा लायब्ररी घ्या. ऑपरेटर ओव्हरलोडिंगच्या प्रॅक्टिकलला जर्नलमध्ये लिहिलेला तो कॉम्प्लेक्स क्लास आठवत असेल. शिकायला छान आहे, पण पायथॉनमध्ये तो पुन्हा लिहू नका.

शेवटी, तयार झालेल्या संख्या फाइलीत परत लिहिताना. एसटीआर(झेड) बाहेरून कंस घालतं, "(३+४जे)", आणि एक्सेलला ते कळत नाही. फॉरमॅट देऊन लिहिलंत, दोन दशांश स्थळं वगैरे, तर कंस येत नाहीत, "३.००+४.००जे" असं मिळतं, आणि एक्सेलची संमिश्र फंक्शनं जे वाचतात. जेसन (डेटा साठवायचा एक मजकुरी फॉरमॅट) मात्र संमिश्र संख्या घेतच नाही, टाइप एरर देतं. मी दोन्हीकडे रिअल आणि इमॅग असे दोन वेगळे कॉलम ठेवतो. तुमच्या फाइलीतही एक्सेलच्या बाजूनं आर आणि एक्स दोन कॉलममध्ये घेता आले तर तेच करा, वरची रिप्लेसची ओळ मग लागणारच नाही.